सुटलेले झेल आणि बर्फाचा हौद

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका सरकारी विद्यापीठात मी संख्याशास्त्र शिकवते. जुलै-ऑगस्टमध्ये उन्हाळी सत्राचा एक वर्ग माझ्याकडे असतो, सकाळी साडेदहाचा. त्यात दरवर्षी पाच-सहा मुलं फुटबॉलच्या संघातली असतात. फुटबॉल म्हणजे इथला, हेल्मेट घालून खेळायचा. ही मुलं लांबूनच ओळखू येतात. पहाटे साडेपाचला त्यांची कसरत सुरू झालेली असते, त्यामुळे वर्गात येईपर्यंत त्यांचा अर्धा दिवस सरलेला असतो. गुडघ्यांवर प्लॅस्टिकने गुंडाळलेल्या बर्फाच्या पिशव्या, बोटांना चिकटपट्ट्या, हातात चार लिटरचा पाण्याचा कॅन.

दोन वर्षांपूर्वी सत्राच्या शेवटच्या आठवड्यात त्यांच्यातला एक जण वर्ग सुटल्यावर मागे थांबला. एकोणीस वर्षांचा, अबोल, गणितात बरा. मला म्हणाला, "मॅम, वीस निरीक्षणांवरून एखाद्याबद्दल किती सांगता येतं?" मला वाटलं, गृहपाठातलं काही अडलंय. त्याने फोन पुढे केला. संघाचा ऑगस्टचा कॅम्प नुकताच सुरू झाला होता आणि आदल्या दिवशी पत्रकारांना पंधरा-वीस मिनिटं सराव बघू दिला होता. तेवढ्यात या मुलाच्या हातून तीन झेल सुटले. बातमीत एवढंच एक वाक्य होतं. त्याखाली मात्र शेकडो लोकांनी लिहून ठेवलं होतं की याची स्कॉलरशिप काढून घ्या, याला परत पाठवा, याच्या जागी दुसरा आणा. काहींनी त्याच्या आईचाही उद्धार केला होता.

मग त्याने मला जे समजावून सांगितलं ते मी विसरू शकत नाही. फळ्याजवळचा डस्टर उचलून तो छातीशी धरला. म्हणाला, शाळेत असल्यापासून मी चेंडू असा घेतो, छातीवर, दोन्ही हातांनी कवटाळून. कोच म्हणतात ही सवय मोडायची. मग हात लांब करून डस्टर अंगापासून दूर, फक्त बोटांत पकडला. असा घ्यायचा. म्हणजे मागून येणाऱ्याला हात घालायला वेळ मिळत नाही. पण बोटांत घ्यायला लागलं की पहिले तीन-चार आठवडे चेंडू सुटतोच. कोचना ते माहीत आहे, त्यांनीच सांगितलंय की सुटू दे. आणि मग खाली बघत म्हणाला, "पण बाहेरचे लोक बघत असतात त्या दिवशी मी छातीवरच घेतो."

हा लेख त्या वाक्यासाठी आहे.

इथल्या कॉलेज फुटबॉलचा पसारा आपल्याकडच्या वाचकाला सांगितल्याशिवाय कळायचा नाही. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये १,०७,६०१ माणसं बसतात. पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाचं आणि ओहायो राज्य विद्यापीठाचं स्टेडियमही लाखावरचं. आपल्याकडे कॉलेजच्या सामन्याला वर्गमित्र आणि दोन-चार प्राध्यापक जमतात, इथे अख्खं शहर लोटतं. सामने ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतात आणि जानेवारीत संपतात. मधले सात महिने चाहत्यांचा उपास असतो. त्या उपासात जे काही हाती लागेल त्यावर लोक तुटून पडतात. वसंतात संघ आपल्याआपल्यात दोन तुकड्या करून एक खेळ खेळतो. त्यातून कुणाला काही मिळत नाही, तो कुठे नोंदलाही जात नाही. तरी २००७ साली नवा कोच आला म्हणून अलाबामाच्या अशा खेळाला ९२,१३८ लोक आले होते, आणि २०१६ मध्ये ओहायोत १,००,१८९. सराव बघायला लाख माणूस! हे प्रेम खोटं आहे असं मी कधीच म्हणणार नाही. माझे शेजारी सत्तरीचे आहेत. त्यांचे वडील याच संघाच्या सामन्यांना त्यांना खांद्यावर बसवून नेत. ऑगस्ट लागला की त्यांच्या चालण्यात फरक पडतो, हे मी डोळ्यांनी पाहते.

पण प्रेमाने हिशेब चुकायचा राहत नाही. आणि हा हिशेब चुकतोय, तो साध्या गणितातच चुकतोय.

त्या मुलाच्या प्रश्नाचं मी वर्गातलं उत्तर दिलं. दहापैकी आठ झेल हमखास घेणारा खेळाडू वीस चेंडूंच्या एखाद्या सत्रात सात-आठ झेल सोडू शकतो, आणि त्यात त्याचं काहीही बिघडलेलं नसतं. वीस हा आकडाच तेवढा तोकडा आहे. त्यातही ते वीस चेंडू कुठल्या परिस्थितीत आले, हे बाहेरच्याला ठाऊक नसतं. अनेकदा सात विरुद्ध सात असा सराव चालतो. त्यात पुढच्या फळीतले दांडगे लाइनमन नसतातच, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर कुणी धावून येत नाही. पूर्ण संघाच्या सरावातही क्वार्टरबॅकच्या अंगात वेगळ्या रंगाची जर्सी असते. अर्थ असा की याला पाडायचं नाही. ज्या खेळाचा जीवच धडकेत आहे, त्यातला हा धडकेविना भाग. त्यावरून शनिवारी होणारा खरा सामना ताडायचा म्हणजे बंद खोलीतल्या पंख्यावरून वादळ ताडण्यासारखं आहे.

आणखी एक गोष्ट तर इतकी उघड आहे की ती रोज सांगावी लागते याचंच नवल वाटतं. सरावात दोन्ही बाजू आपल्याच असतात. आपल्या क्वार्टरबॅकने तीन चेंडू विरुद्ध बाजूच्या हातात फेकले, तर ते तीन झेल आपल्याच बचावफळीने घेतलेले असतात. एकाच बातमीवर निम्मे लोक 'आपली आक्रमणाची फळी बुडाली' म्हणून रडतात, निम्मे 'काय बचाव आहे!' म्हणून नाचतात. मंगळवारी रडलं आणि बुधवारी नाचलं, तरी संघ सोमवारी होता तिथेच असतो.

मोठी उदाहरणंही आहेत. २०२५ च्या उन्हाळ्यात टेक्सास विद्यापीठाचा क्वार्टरबॅक आर्च मॅनिंगबद्दल जे बोललं गेलं ते आठवा. आजोबा आर्ची, काका पेटन आणि इलाय, तिघेही नावाजलेले क्वार्टरबॅक. या मुलाने तोवर एकही पुरा मोसम मुख्य क्वार्टरबॅक म्हणून खेळलेला नव्हता, आणि वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारं हाइझमन पारितोषिक त्यालाच मिळणार असं गृहीत धरून लोक मोकळे झाले. एपी या वृत्तसंस्थेच्या मोसमापूर्वीच्या क्रमवारीत टेक्सास पहिलं आलं, त्या विद्यापीठाच्या इतिहासात प्रथमच. ३० ऑगस्टला ओहायोत पहिला सामना झाला. टेक्सास १४-७ असं हरलं. मॅनिंगने तीसपैकी सतरा चेंडू पोचवले, त्यातून संघ १७० यार्ड पुढे सरकला. एकवीस वर्षांच्या मुलासाठी, गतविजेत्यांच्या मैदानावर, लाखभर लोकांसमोर हा वाईट दिवस होता, एवढंच. पण दुसऱ्या दिवसापासून त्याची जी टिंगल सुरू झाली ती महिना-दोन महिने थांबली नाही. तो पुढे सावरला, टेक्सासने त्या मोसमात दहा सामने जिंकले. मुद्दा असा की त्याच्यावर जे कोसळलं ते त्याच्या खेळामुळे नव्हतंच. उन्हाळ्यात लोकांनी स्वतःच रचलेला इमला त्याच्या अंगावर पडला.

उलट्या बाजूला जॉर्जियाचा स्टेटसन बेनेट. स्कॉलरशिपशिवाय संघात आला, कंटाळून मिसिसिपीतल्या एका दोन वर्षांच्या कॉलेजात गेला, परत आला. २०२१ चा मोसम सुरू झाला तेव्हा तो राखीव होता. त्या ऑगस्टमध्ये त्याच्याकडे कोण बघत होतं? जानेवारी २०२२ मध्ये त्याच मुलाने जॉर्जियाला १९८० नंतरचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं, आणि पुढच्या वर्षी दुसरं.

इथे माझे शेजारी मला नेहमी एक सुनवतात. म्हणतात, पूर्वीची गोष्ट वेगळी, आता या पोरांना पैसे मिळतात, मग बोलणी खायला काय हरकत? हा मुद्दा टाळून चालणार नाही. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा वापरून कमाई करता येऊ लागली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने एका मोठ्या तडजोडीला मान्यता दिली. त्यानुसार विद्यापीठं आता आपल्या उत्पन्नातला वाटा थेट खेळाडूंना देऊ शकतात, पहिल्या वर्षी सगळे खेळ मिळून विद्यापीठामागे सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. हे योग्यच झालं. ज्यांच्या घामावर कोच कोट्यधीश झाले त्या मुलांना दशकानुदशकं फक्त फी आणि जेवण मिळत होतं, तो अन्याय होता. पण हा पैसा वाटला जातो तो फार विषम. नावाजलेल्या क्वार्टरबॅकला मिळतो तसा राखीव फळीतल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला मिळत नाही. शिव्या मात्र दोघांना सारख्याच. आणि समजा मिळाला, तरी पगार घेणाऱ्या माणसालाही काम शिकताना चुकायची मुभा असतेच. शनिवारी तिकीट काढून बघितलेल्या खेळावर टीका करा, बिनधास्त करा. मंगळवारचा सराव तुम्हाला विकलेला नाही. शिवाय पैसे मिळत असले तरी कायद्याने ही मुलं विद्यापीठाची कर्मचारी नाहीत. कामगाराला जे थोडंफार संरक्षण असतं तेही त्यांना नाही. म्हणजे बोलणी खायची नोकरदारासारखी आणि हक्क मागायची वेळ आली की विद्यार्थी.

यात आता जुगाराची भर पडली आहे. मे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या सट्ट्याची देशव्यापी बंदी उठवली. तेव्हापासून राज्याराज्यांत फोनवर बोट फिरवून पैज लावता येते, आणि ती नुसती कोण जिंकणार यावर नसते. अमुक खेळाडू किती यार्ड मिळवेल, किती झेल घेईल, यावरही असते. पैज हरलेला माणूस रात्री अकरा वाजता त्या पोराला शोधून काढतो आणि मेसेज करतो. कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएए या संघटनेचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी मार्च २०२४ मध्ये कॉलेजच्या एकेका खेळाडूवरच्या अशा पैजा बंद करा अशी मागणी केली. ओहायो, मेरीलँड अशा काही राज्यांनी त्या बंद केल्याही. सगळ्यांनी कराव्यात. सरावातली 'याच्या हातून तीन सुटले' ही माहिती आज बाजारभावासारखी वापरली जाते. ती आतून काढून देण्यासाठी खेळाडूंच्याच मित्रांना लोक गाठतात, हे माझ्या वर्गातली मुलं सांगतात.

पण हे सगळं एकीकडे ठेवलं तरी चालेल, अशी एक गोष्ट आहे. उन्हाळ्याच्या सरावात मुलं मरतात.

मी नागपूरची. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणं आमच्याकडे बातमीही नसते. आमच्या घरी दुपारी बारा ते चार कुणालाही उंबरठा ओलांडायची परवानगी नव्हती. खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा, आल्यावर आधी पन्हं. ऊन लागणं म्हणजे काय ते आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. म्हणून इथे आल्यावर मला जे समजायला वेळ लागला ते असं की उष्माघाताला ऊन लागतंच असं नाही. माणसाचं शरीर कष्ट करताना स्वतःच भट्टी होतं. दीडशे किलोचा लाइनमन, डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर जाड पॅड, आणि हवेत दमटपणा. घाम येतो पण वाळत नाही. मग आतलं तापमान चाळिशीच्या पुढे जातं आणि मेंदू गोंधळायला लागतो.

२९ मे २०१८. मेरीलँड विद्यापीठाचा जॉर्डन मॅक्नेअर, वय १९, पुढच्या फळीतला खेळाडू. उन्हाळी कसरतीचा दिवस, एकशे दहा यार्डांच्या धावा एकामागोमाग एक. हवेचं तापमान तिशीच्या आसपास, म्हणजे नागपूरकर ज्याला गारवा म्हणेल असं. धावांच्या शेवटी शेवटी त्याला उभं राहता येईना. नंतरच्या चौकशीत जे निघालं ते वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. लक्षणं दिसू लागल्यापासून त्याला मैदानाबाहेर नेईपर्यंत ३४ मिनिटं गेली. रुग्णवाहिका आवारातून निघेपर्यंत १ तास ३९ मिनिटं. थंड पाण्यात त्याला बुडवलंच नाही. १३ जूनला तो गेला. ऑगस्टमध्ये विद्यापीठाच्या अध्यक्षांनी कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी स्वीकारली. ऑक्टोबरच्या अखेरीस नियामक मंडळाच्या शिफारशीवरून रजेवर पाठवलेल्या कोचला परत आणलं गेलं, त्यावर इतका संताप उसळला की दुसऱ्याच दिवशी काढावं लागलं.

यातली सगळ्यांत असह्य गोष्ट ही की तो वाचू शकला असता. कष्टाने होणाऱ्या उष्माघातावरचा उपाय कुठल्याही गावात करता येईल इतका साधा आहे. बर्फ घातलेलं पाणी, त्यात माणूस गळ्यापर्यंत, पहिल्या अर्ध्या तासात. आधी थंड करायचं, मग दवाखान्यात न्यायचं. असं केलं तर जवळजवळ सगळे वाचतात. २००१ च्या ऑगस्टमध्ये मिनेसोटाच्या व्यावसायिक संघातला कोरी स्ट्रिंगर सरावातल्या उष्माघाताने गेला. त्याच्या नावाने कनेक्टिकट विद्यापीठात एक संस्था उभी राहिली आणि ती हेच एक वाक्य वर्षानुवर्षं सांगत आली आहे. नियमही बदलले. २००३ पासून कॅम्पचे पहिले पाच दिवस शरीर उन्हाला सरावावं म्हणून हळूहळू चढवत न्यावे लागू लागले, आधी नुसतं हेल्मेट, मग खांद्यांचे पॅड, पाचव्या दिवशी पूर्ण साज. २०२१ मध्ये या पाच दिवसांचे सात झाले. २०१७ पासून दिवसातून दोनदा पूर्ण सराव घेण्यावर बंदी आली. तरीही या शतकात कॉलेज फुटबॉलच्या मैदानावर जे मृत्यू झाले, त्यांतले बहुतेक धडकेने झालेले नाहीत. कसरतीत झालेले आहेत.

विदर्भातल्या वाचकासाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आपल्याला परका नाही. गडचिरोली, चंद्रपूर, तिकडे नंदुरबार, गावोगाव तपासणीची शिबिरं होतात आणि घराघरांत एएस-एसएस ही अक्षरं माहीत असतात. एसएस म्हणजे रुग्ण, एएस म्हणजे नुसता वाहक, त्याला सहसा काही त्रास नाही असं आपण म्हणतो, ते खरंच आहे. पण न थांबता, जीव तोडून पळवलं तर त्या वाहकाचेही स्नायू आतून तुटू लागतात आणि तो जाऊ शकतो. २००६ मध्ये ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातला डेल लॉइड हा १९ वर्षांचा मुलगा असाच सरावानंतर कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. आपण वाहक आहोत हे त्याला माहीतच नव्हतं. २०१० पासून पहिल्या श्रेणीच्या कॉलेज खेळाडूंची ही तपासणी होते. वाहकाला खेळ सोडावा लागत नाही. त्याला धावांच्या मध्ये थांबू द्यायचं आणि तो 'बस' म्हणाला की बस म्हणू द्यायचं, एवढंच.

आणि हे 'बस' म्हणू देणंच अवघड आहे. कारण चाहत्यांना न थांबणारा मुलगा आवडतो. इथे एक जुनी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. १९५४ मध्ये टेक्सास ए अँड एमचे कोच बेअर ब्रायंट आपल्या मुलांना जंक्शन नावाच्या दुष्काळी गावात घेऊन गेले. दहा दिवस, शंभर फॅरनहाइटच्या वरचं ऊन, सरावात पाणी नाही. शंभराच्या आसपास गेलेल्यांपैकी पस्तीसएक टिकले, बाकीचे सोडून पळाले. एक मुलगा उष्माघाताने मरता मरता वाचला. दोन वर्षांनी संघाने आपल्या विभागाचं अजिंक्यपद मिळवलं, म्हणून ही कथा शौर्याची झाली. त्याच वर्षी, जंक्शनहून आल्याआल्या, त्या संघाने दहापैकी नऊ सामने गमावले होते, हे कथेत कुणी सांगत नाही. जे पळाले त्यांची नावंही कुणी सांगत नाही. कदाचित त्यांच्यातच शहाणपण होतं.

आजही ऑगस्टमध्ये व्हिडिओ फिरतात. कुणी ओकतोय, कुणी गुडघ्यांवर वाकलाय, आणि खाली लोक कौतुकाने लिहितात की यंदाची पोरं चिवट दिसतात. जो सावलीत जाऊन बसला त्याला मऊ म्हणतात. हे वाचतो तो फक्त कोच नाही. तो मुलगाही वाचतो. आणि पुढच्या खेपेला डोळ्यांपुढे अंधारी आली तरी तो हात वर करत नाही. माझ्या विद्यार्थ्याने लोक बघतात म्हणून झेल छातीवर घेतला. त्याचं नुकसान एका सवयीचं झालं. लोक बघतात म्हणून जो थांबत नाही, त्याचं किती होईल? म्हणून मी म्हणते की चाहत्याचं बोलणं हे मैदानाबाहेरचं नाही. ते मैदानावर पोचतं, त्या मुलाच्या अंगात पोचतं.

मग सगळं बंद करावं का? दारं लावून घ्यावीत, कुणालाच बघू देऊ नये? अनेक संघ तेच करतायत. २०२५ मध्ये नेब्रास्काने वसंतातला आपला जुना खेळ रद्द केला. आपले चांगले खेळाडू लोकांच्या नजरेत भरतात आणि दुसरी विद्यापीठं त्यांना पळवतात, हे कारण. इतरांनीही तसंच केलं. मला ही वाट मान्य नाही. जॉर्डन मॅक्नेअर पडला तो बंद सरावात. तिथे बाहेरचं कुणीही नव्हतं. पत्रकारांनी खेळाडूंशी बोलून त्या संघातल्या दहशतीच्या वातावरणाची बातमी केली नसती, तर त्या वातावरणाची चौकशी झाली असती की नाही, मला शंका आहे. बघणारे डोळे हवेतच. ते कुठे बघतात हा प्रश्न आहे. एवढे लाखो लोक, एवढे जाणकार, खेळाडूच्या उंचीपासून त्याच्या काकाच्या गुडघ्यापर्यंत सगळं पाठ असणारे. हेच लोक उन्हाळ्यात एकदा तरी विचारत नाहीत की आज मैदानावर ऊन, वारा आणि दमटपणा एकत्र मोजणारं यंत्र होतं का, त्याने काय दाखवलं, आणि ते वाचून सराव थांबवायचा अधिकार कुणाला होता? कोचला की वैद्यकीय माणसाला? आणि तो वैद्यकीय माणूस कोचच्या हाताखालचा आहे की नाही? हे प्रश्न एका विद्यापीठाच्या पाच हजार देणगीदारांनी एकाच ऑगस्टमध्ये विचारले तर उत्तर आल्यावाचून राहणार नाही. त्यांनी विचारलं की कोच बदलतो, हे मी पाहिलेलं आहे. तीन सामने हरल्यावर विचारतात.

गेल्या ऑगस्टमध्ये चाहत्यांसाठी एक सराव खुला ठेवला होता. शेजाऱ्यांनी आग्रह केला म्हणून गेले. सकाळचे नऊ, आणि हवा अशी की श्वास घेतला तरी ओला वाटावा. आम्ही कुंपणाशी होतो. एक अगडबंब मुलगा धाव संपवून वाकला, हात गुडघ्यांवर. आमच्या मागून कुणीतरी ओरडलं, सरळ उभा राहा! तो सरळ झाला. झाला, पण पाय किंचित फाकलेले, नजर कुठेच नाही. बाजूने एक ठेंगणी ट्रेनर बाई पळत गेली, तिने त्याचं हेल्मेट स्वतः काढलं, ओला टॉवेल मानेवर ठेवला आणि त्याला हाताला धरून सावलीत नेलं. कुंपणावरून नाराजीची एक कुजबुज गेली. माझे शेजारी गप्प होते. थोड्या वेळाने म्हणाले, "माझा नातू एवढाच आहे."

सराव संपल्यावर चाहते सह्या घ्यायला गेले. मी त्या ट्रेनर बाईंकडे गेले. मैदानाच्या कडेला, सावलीत, गुरांना पाणी पाजायला असतो तसा प्लॅस्टिकचा मोठा हौद भरलेला होता. वर जाळीसारखा एक ताडपत्रीचा तुकडा, बुडालेल्याला धरून ठेवायला. मी विचारलं, हा रोज भरता? म्हणाल्या, रोज, पहिला मुलगा यायच्या आत. पहाटे पाचला बर्फाची गाडी येते. किती वेळा लागला? या वर्षी एकदाही नाही, त्या म्हणाल्या, आणि लाकडाच्या बाकावर बोटाने दोनदा टकटक केली. मग म्हणाल्या, "बारा वर्षांत हा हौद बघायला आलेल्या तुम्ही पहिल्याच."

शेजारी मागे येऊन उभे होते. त्यांनी बाही वर सारून हात पाण्यात घातला, कोपरापर्यंत, आणि बराच वेळ तसाच ठेवला.